टर्मिनलवर तारखेने दगा दिला? आपापले अनुभव लिहा

देवगड
सुरुवात मीच करतो. आमची हापूसची कलमं आहेत, पेट्या वाशीला जातात, त्याचा रोजचा हिशोब रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या कमांडची फाईल, करते. ऐन एप्रिलात नव्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स टाकलं आणि हौसेने भाषा मराठी निवडली, तर तारीख दाखवणारी डेट कमांड वार-महिना सगळं देवनागरीत छापायला लागली, बघून बरं वाटलं पण स्क्रिप्ट बिचारी इंग्रजी तीन अक्षरी महिना शोधत बसलेली, हिशोब कोराच. भाषेच्या सेटिंगा दाखवणारी लोकेल कमांड मारली तेव्हा एलसी_टाइमपुढे (तारीख-वेळेची भाषा) मराठी दिसलं. आता स्क्रिप्टमध्ये डेटच्या आधी एलसी_ऑल=सी लिहितो, म्हणजे तारीख साध्या इंग्रजीत येते, ते बाकी सगळ्या सेटिंगांच्या वर चालतं. स्क्रीनवर मराठीच ठेवलंय. तुमचं काय झालं ते लिहा, उपाय सापडला नसला तरी चालेल.

मालवण
माझ्याकडे हाताने चालवली की तारीख बरोबर आणि क्रॉनमधून चालवली की फाईलच नाय. दोन रात्री घालवल्या. डेटला तारीख कशी छापायची ते टक्का लावून सांगतात, पण क्रॉनटॅबच्या (क्रॉनची कामांची यादी) ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ धरतात मेले, त्यामुळे कमांड अर्ध्यातच तुटते! प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश द्यायचा. मी कंटाळून सगळं वेगळ्या फाईलीत टाकलं, क्रॉनमध्ये फक्त तिचं नाव.

दापोली
फाईलच्या नावात टक्का मोठा डी (%D) घातला होता. त्यात महिना-दिवसाच्या मधे तिरक्या रेघा येतात, शेल म्हणतो असलं फोल्डरच नाही. टक्का मोठा एफ (%F, वर्ष-महिना-दिवस मधे आडव्या रेघा) वापरा, विषय संपला.

रत्नागिरी
जून-जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, तेव्हा रिकामा बसून काकांच्या बोटीचा डिझेल-बर्फाचा हिशोब काढायला स्क्रिप्ट लिहिली. जुलैत दहादा टेस्ट केली, एकदम ओके. १ ऑगस्टला सीझन सुरू झाला आणि स्क्रिप्ट आडवी. एररमध्ये ०८ दिसत होतं म्हणून मी दिवसभर डेटलाच शिव्या घालत बसलो, ती बिचारी बरोबरच ०८ देत होती, मागचा महिना काढायला पुढच्या ओळीत मी त्यातून १ वजा करत होतो तिथे घोळ. बॅशच्या (स्क्रिप्ट चालवणारा शेल) गणितात शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीतला धरतात आणि तिथे ८ न् ९ हे अंकच नाहीत. ०७ चालतं, १० चालतं. म्हणजे गप्प राहिलो असतो तर ऑक्टोबरात आपोआप बरी झाली असती आणि पुढच्या ऑगस्टला परत बोंब. आता आकड्याआधी १०# लावतो, म्हणजे तो दशमान धरला जातो, नाहीतर लिनक्सवर टक्का वजा एम (%-m) दिलं की पुढचं शून्यच येत नाही. काका विचारतात, ऑगस्टात तुझ्या कॉम्प्युटरलापण वारं लागतं काय रे?

गुहागर
आमच्या होमस्टेचं बुकिंग मी डेट वजा डी ला (date -d, दिलेली तारीख वाचून घेते) देऊन क्रमाने लावायचे. दिवाळीसाठी पुण्याच्या एका कुटुंबाने ०७/११ लिहिलेलं, कमांडने महिना आधी धरून ते ११ जुलै केलं. १३/११ असतं तर निदान तारीख चुकीची म्हणून ओरडली असती, १२ पर्यंतचे दिवस गुपचूप उलटे होतात. माणसं बॅगा घेऊन दारात उभी, खोली दुसऱ्यांना दिलेली. त्यांना आमच्या झोपायच्या खोलीत ठेवलं, आम्ही पडवीत. आता वर्ष-महिना-दिवस सोडून दुसरं काही घेतच नाही.

वेंगुर्ला
सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ), पहाटे ५ च्या यादीवर रोज कालची तारीख. साडेपाच तासांचा फरक. टीझेडमध्ये (वेळेच्या पट्ट्याची सेटिंग) एशिया/कोलकाता दिलं.

देवगड
रत्नागिरीकर, तुमचं वाचून लगेच माझी स्क्रिप्ट उघडली. तारखेत १ मिळवलाय मी, उद्याच्या गाडीसाठी. म्हणजे दर महिन्याच्या ८ आणि ९ ला आमचा हिशोब पडतच नव्हता, एरर क्रॉनच्या मेलमध्ये जात असणार, तो कोण उघडतो. आणि मी दोन सीझन गड्याला बोलतोय की तू पेट्या लिहायला विसरतोस.