डायनॅमिक इनपुट चालू ठेवून निरपेक्ष कोऑर्डिनेट कसे द्यायचे?

ऑटोकॅडमध्ये (संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) इतकी वर्षं खालच्या कमांड लाइनवरच टाइप करायची सवय आहे. आता डायनॅमिक इनपुट, म्हणजे कर्सरजवळच्या चौकटी, वापरायला लागलोय. लांबी टाकून टॅब दाबला की कोन, हे खरंच झकास आहे. अडचण कोऑर्डिनेटची. पॉलिलाइनचा (अनेक तुकड्यांच्या सलग रेषेचा) पहिला बिंदू १००,१०० दिला, दुसरा २५०,१०० टाइप केला, की रेष ३५०,२०० ला जाते. म्हणजे दुसऱ्या बिंदूपासून पुढचे सगळे आकडे सापेक्ष (आधीच्या बिंदूपासून मोजलेले) धरले जातात, निरपेक्ष (मूळ ०,० पासून मोजलेले) नाही.

एफ-१२ने डायनॅमिक इनपुट बंद केलं तर जुन्यासारखं चालतं, पण मग लांबी-कोनाच्या चौकटीही जातात, त्या मला हव्यात. आकड्याआधी # लावला की बिंदू बरोबर पडतो, पण सर्व्हेची लांबलचक यादी हाताने भरताना प्रत्येक वेळी # लावणं जिवावर येतं. पॉइंटर इनपुटच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅब्सोल्यूट' निवडून पाहिलं. यादी नीट जाते, पण नेहमीच्या ड्रॉइंगला सापेक्ष आकड्याआधी दर वेळी @ लागतो.

स्क्रिप्ट फाइल नको, कारण भरता भरता बिंदू तपासायचे असतात. लिस्प (ऑटोकॅडमधली प्रोग्रॅमिंग भाषा) येत नाही, तयार कोड मिळाल्यास लोड करता येईल.

तर पॉलिलाइन अर्धवट असताना, कमांड न तोडता, सापेक्ष-निरपेक्ष अदलाबदल एका बटणावर किंवा की वर बसवता येते का? मॅक्रो नेमका काय लिहायचा?