घन ऑक्साइड इंधन घट: कामगिरी वाढवण्यासाठी इलेक्ट्रोलाइट बदलावा का?

मृण्मयी:

नमस्कार. मी घन ऑक्साइड इंधन घटावर, म्हणजे सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलवर, पीएच.डी.चे काम करते आहे. सध्या माझ्याकडे 8 मोल टक्के यट्रियायुक्त झिर्कोनियाची, म्हणजे वायएसझेडची, सुमारे 300 मायक्रोमीटर जाडीची दाट चकती इलेक्ट्रोलाइट, म्हणजे ऑक्सिजन आयन वाहणारा मधला थर, म्हणून आहे. तिच्या एका बाजूस निकेल-वायएसझेडचा अॅनोड, म्हणजे इंधनाकडील इलेक्ट्रोड, आहे. दुसऱ्या, हवेच्या बाजूस एलएससीएफचा, म्हणजे लँथनम-स्ट्राँशियम-कोबाल्ट-लोह ऑक्साइडचा, कॅथोड थेट चकतीवर लावून 1100 अंशांवर भाजला आहे. कॅथोडचे क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर आहे आणि मोजमापासाठी प्रत्येक बाजूस एकेक प्लॅटिनमची तार जोडलेली आहे.

800 अंश सेल्सिअसला ओलसर हायड्रोजन आणि हवा वापरून खुल्या मंडलाचा व्होल्टेज 1.08 व्होल्ट येतो, पण कमाल शक्तिघनता मात्र दर चौरस सेंटिमीटरला 150 मिलिवॉटच्या आसपास अडकते. इम्पीडन्सच्या, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या रोधाच्या, आलेखात उच्च वारंवारतेकडील छेद (इलेक्ट्रोलाइट व तारांचा रोध) 1.35 ओहम चौरस सेंटिमीटरवर आहे आणि त्यापुढील कमानींची (इलेक्ट्रोडांच्या रोधाची) एकूण रुंदी 0.55 आहे. पुढे 700 अंशांवर काम करायचे असल्याने वायएसझेड सोडून गॅडोलिनियमयुक्त सेरिया, म्हणजे जीडीसी, हाच इलेक्ट्रोलाइट घ्यावा असा माझा विचार आहे. हा मार्ग योग्य ठरेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मत द्यावे.

भट्टीकाम:

मृण्मयीताई, आपण जाडी, क्षेत्रफळ आणि तारांची जोडणी हे सारे दिले आहे, त्यामुळे नेमके बोलता येते. पदार्थ बदलण्याआधी रोध कुठे साठला आहे याचा हिशेब मांडावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी आकडे एकमेकांशी जुळतात का ते पाहू. एकूण रोध 1.35 अधिक 0.55, म्हणजे 1.9 होतो. रोध प्रवाहानुसार बदलत नाही असे धरले, तर कमाल शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची चौपट, आणि हे उत्तर दर चौरस सेंटिमीटरला 0.153 वॉट येते. आपले मोजमाप 150 मिलिवॉटचे आहे, म्हणजे आकडे परस्परांशी सुसंगत आहेत. 800 अंशांना तीन टक्के बाष्प असलेल्या हायड्रोजनसाठी सैद्धांतिक व्होल्टेज 1.10 च्या जवळ असतो, तेव्हा 1.08 वरून चकतीला तडे नाहीत आणि सीलमधून गळतीही फारशी नाही, हे समजते.

आता छेदाकडे पाहू. वायएसझेडची वाहकता 800 अंशांना सुमारे 0.03 सीमेन्स प्रति सेंटिमीटर धरली, तर 300 मायक्रोमीटरच्या चकतीचा रोध 1.0 ओहम चौरस सेंटिमीटर होतो. आपला छेद 1.35 आहे, म्हणजे 0.35 जादा आहे. आपले क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर असल्याने प्रत्यक्ष रोधाच्या भाषेत हे 0.7 ओहम होतात, आणि भट्टीतून जाणाऱ्या बारीक प्लॅटिनमच्या तारांचा रोध सहज तेवढा भरू शकतो, कारण तापल्यावर प्लॅटिनमचा रोध तिपटीहून अधिक वाढतो. म्हणून आधी चार तारांची जोडणी करावी: प्रवाहाच्या तारा वेगळ्या आणि व्होल्टेज मोजण्याच्या वेगळ्या. चांदीचा लेप शक्यतो टाळावा, कारण चांदी 961 अंशांना वितळते, 800 ला सच्छिद्र कॅथोडमध्ये सरकते आणि ऑक्सिजनच्या अभिक्रियेला स्वतःच हातभार लावते, त्यामुळे कॅथोड आहे त्याहून चांगला भासू शकतो.

जीडीसीबाबत माझे मत प्रतिकूल आहे. इंधनाच्या बाजूस सेरियमचा काही भाग चतुःसंयुजी अवस्थेतून त्रिसंयुजी अवस्थेत जातो, पदार्थ इलेक्ट्रॉनही वाहू लागतो आणि घट आतल्या आत अंशतः लघुमंडलित होतो. 700 अंशांना त्यामुळे खुल्या मंडलाचा व्होल्टेज 0.9 च्याही खाली जाऊ शकतो, शिवाय सेरियमच्या याच क्षपणामुळे स्फटिकाचे जालक फुगून चकतीत ताण येतो. एकट्या जीडीसीचे खरे क्षेत्र 500 ते 600 अंशांचे आहे.

तुमच्या अडचणीचे मूळ चकतीच्या जाडीत आहे. वायएसझेडच्या वाहकतेची सक्रियण ऊर्जा 0.9 इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली, तर 700 अंशांना ती 800 च्या तुलनेत जवळपास पावणेतीन पटींनी घटते, म्हणजे याच चकतीचा रोध 2.7 वर जाईल. पण अॅनोडच्याच आधारावर 10 मायक्रोमीटरचा थर घातला, तर त्याच 700 अंशांना तो 0.09 राहतो, आणि इलेक्ट्रोलाइटसाठी सर्वसाधारणपणे मानल्या जाणाऱ्या 0.15 च्या मर्यादेत बसतो. टेप कास्टिंगने, म्हणजे पातळ पट्टी ओतून, अॅनोडचा आधार बनवून त्यावर वायएसझेडचा थर छपाईने देणे आणि दोन्ही एकत्र भाजणे हा रुळलेला मार्ग आहे.

धातुविद:

वरील हिशेबाशी सहमत आहे. मी कमानींच्या 0.55 बद्दल लिहितो, कारण 800 अंशांना एलएससीएफचा ध्रुवीकरण रोध, म्हणजे इलेक्ट्रोडवरील अभिक्रियेमुळे येणारा रोध, याच्या काही अंशाइतकाच असायला हवा.

एलएससीएफ थेट वायएसझेडवर भाजला की स्ट्राँशियम सीमेवर येऊन झिर्कोनियमशी संयोग पावतो आणि स्ट्राँशियम झिर्कोनेट तयार होते. हा थर ऑक्सिजन आयनांना जवळजवळ अडवून धरतो. तो सलग असला तर छेद वाढतो, आणि बेटांसारखा असला तर प्रवाह उरलेल्या जागांतून चेपून जातो व कमानीही रुंदावतात. शिवाय वायएसझेडचे औष्णिक प्रसरण प्रति अंश साधारण 10.5 दशलक्षांश असते, तर एलएससीएफचे 15 च्या पुढे, त्यामुळे प्रत्येक तापण्या-निवण्याच्या चक्रात ताण येतो तो याच सीमेवर.

जीडीसीचे योग्य स्थान इथे आहे: वायएसझेड आणि एलएससीएफ यांच्यामध्ये काही मायक्रोमीटरचा अडथळा-थर म्हणून. तिथे तो हवेच्या बाजूस असल्याने क्षपणाचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र तो भाजण्याच्या तापमानात खरी मेख आहे. 1300 अंशांच्या वर सेरिया आणि झिर्कोनिया एकमेकांत विरघळू लागतात आणि त्यांच्या मिश्रणाची वाहकता दोघांहूनही कमी असते, तर त्याहून कमी तापमानाला छापलेला थर पुरेसा दाट होत नाही व त्याच्या छिद्रांतून स्ट्राँशियम पलीकडे पोहोचतेच. म्हणून बहुतेक जण 1250 ते 1300 अंशांचा मध्यममार्ग धरतात. स्पंदित लेसरने निक्षेपित केलेला थर कमी तापमानालाही दाट मिळतो, पण मोठ्या क्षेत्रावर तो महाग पडतो.

कमानींमध्ये कॅथोडचा वाटा किती आणि अॅनोडचा किती, हे अंदाजाने ठरवू नये. जीडीसीच्या चकतीवर दोन्ही बाजूंनी एलएससीएफ लावलेला सममित घट हवेत मोजावा. पूर्ण घटात एकदा फक्त ऑक्सिजनचा आंशिक दाब बदलावा आणि एकदा फक्त हायड्रोजनमधील बाष्प. पहिल्या बदलाला जी कमान हलते ती कॅथोडची, दुसऱ्याला हलते ती अॅनोडची.

मृण्मयी:

दोघांचेही मनापासून आभार. चार तारांनी पुन्हा मोजल्यावर छेद 1.12 वर आला आहे आणि शक्तिघनताही 175 मिलिवॉटच्या जवळ गेली आहे. सममित घटाची तयारी सुरू केली आहे. अॅनोड-आधारित रचनेकडे वळताना आणखी कशाची काळजी घ्यावी?

भट्टीकाम:

निकेलचे पुनर्ऑक्सिडीकरण ही त्या रचनेची सर्वांत मोठी जोखीम आहे. निकेलचे निकेल ऑक्साइड होताना घनफळ सुमारे 70 टक्क्यांनी वाढते. आपल्या आताच्या रचनेत अॅनोड पातळ असल्याने जाड चकती ते सोसते, पण आधारच निकेलचा असेल तर वरचा 10 मायक्रोमीटरचा थर तडकतो. आपल्याकडे वीज जाण्याचा भरवसा नसतो, म्हणून हायड्रोजनचा पुरवठा थांबताच नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळलेला वायू आपोआप सुरू व्हावा आणि भट्टी थंड होईपर्यंत तो चालू राहावा, अशी व्यवस्था पहिला घट बसवण्याआधी करून ठेवावी. वीज गेल्यावर आपोआप उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह यासाठी पुरेसा आहे.

धातुविद:

माझी भर क्रोमियमबाबत आहे. चाचणीच्या सांगाड्यात हवेच्या बाजूस उघडे पोलाद असेल, तर पृष्ठभागावरील क्रोमियम ऑक्साइड पाण्याच्या बाष्पाशी संयोग पावून वायुरूपात कॅथोडपर्यंत येते आणि एलएससीएफमधील स्ट्राँशियमशी स्ट्राँशियम क्रोमेट बनवते. हवा जितकी दमट तितके हे बाष्पीभवन अधिक, म्हणून कोकणपट्टीतील प्रयोगशाळेत पावसाळ्यात घेतलेले दीर्घ चाचणीचे आकडे उन्हाळ्यातील आकड्यांशी ताडायचे असतील, तर हवा कोरडी करूनच सोडावी. पोलादावर मँगनीज-कोबाल्ट स्पिनेलचा, म्हणजे मिश्र ऑक्साइडचा, लेप द्यावा, किंवा हवेची नळी सरळ अॅल्युमिनाची घ्यावी.

जर्मनीतील युलिश संशोधन केंद्रात 2007 मध्ये 700 अंशांवर सुरू केलेला छोटा स्टॅक, म्हणजे एकावर एक रचलेल्या घटांचा संच, 1 लाख तासांहून अधिक चालला, आणि त्यातही कॅथोड एलएससीएफचाच होता. आपण निवडलेला कॅथोड टिकाऊ आहे, तेव्हा आधी त्याच्याखालचा जीडीसीचा थर नीट भाजून घ्या आणि पहिला घट चाचणीनंतर आडवा कापून त्या कापाचे सूक्ष्मदर्शकातील चित्र इथे टाका. स्ट्राँशियम कुठवर पोहोचले आहे ते त्यावरूनच ठरवता येईल.