व्हॉल्व्हचा आवाज खरंच वेगळा, की नुसती हौस?

सोल्डरवाला: काकांच्या माळ्यावरचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, जुना ॲम्प नवे कपॅसिटर टाकून सुरू केला. ईएल८४ नळ्यांचा पुश-पुल, म्हणजे जोडीतली एक ढकलते, दुसरी ओढते. स्पीकर तेच, पण घरातले म्हणाले आवाज भरीव झाला. माझं मत सांगतो, शिव्या घाला. ही जादू व्हॉल्व्हची कमी, आउटपुट इम्पीडन्सची (ॲम्पच्या स्वतःच्या आतल्या विरोधाची) जास्त. ८ ओहम छापलेला स्पीकर प्रत्यक्षात कुठे ६ असतो, तर बेसच्या रेझोनन्सला, म्हणजे ज्या सुराला तो आपोआप जास्त थरथरतो तिथे, ३० वर जातो. ट्रान्झिस्टर ॲम्पचा इम्पीडन्स नगण्य, त्याला फिकीर नाही. माझ्या ॲम्पला फीडबॅक (आउटपुटचा अंश परत इनपुटला देणं, त्याने इम्पीडन्स घटतो) जेमतेम, म्हणून ३ ओहम धरा. मग ३० ओहमला स्पीकरवर ९१ टक्के व्होल्टेज पोचतं, ६ ओहमला ६७. तिथला बेस पावणेतीन डेसिबल वर! टोनचं बटण फिरवलं म्हणा ना.

तानपुरा: नाही पटलं. हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) कुठे गेले? ३००बी व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड, म्हणजे जोडीऐवजी एकाच नळीवर चालणारा, ॲम्प ऐका. त्यात दुसरा हार्मोनिक भरपूर, म्हणजे सा लावला की वरचा सा आपोआप मिसळतो. खुपेल कसा? ध्वनिमुद्रणातल्या रसेल हॅमने १९७३ च्या लेखात हेच मांडलं: ओव्हरलोड झाला, म्हणजे झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला, की व्हॉल्व्हमध्ये दुसरा हार्मोनिक जोरात, ट्रान्झिस्टरमध्ये तिसरा.

सोल्डरवाला: हॅमने मायक्रोफोनचे प्रीॲम्प (क्षीण सिग्नल आधी वाढवणारे छोटे ॲम्प) तपासले होते, तेही ओव्हरलोड करून. दिवाणखान्यात कोण एवढं वाजवतं? शिवाय पुश-पुलमध्ये आउटपुट स्टेजचे सम (दुसरा, चौथा असे) हार्मोनिक ट्रान्सफॉर्मरमध्येच एकमेकांना खातात. मग माझ्याकडे गोडवा आला कुठून?

सहा तारा: मी वाजवतो एवढं! गिटारवाल्यांना ओव्हरलोडच हवा असतो. हळू छेडलं की स्वच्छ, जोर लावला की आवाज हळूहळू फाटत जातो, एकदम करवत लागत नाही. आमचा ॲम्प म्हणजे वाद्याचाच अर्धा भाग. तुमचं भांडण ऐकण्याच्या ॲम्पचं आहे, चालू द्या.

तानपुरा: घ्या, साक्षीदार मिळाला.

सोल्डरवाला: साक्षीदार फितूर आहे, तो वेगळ्याच खटल्यातला. १९८५ मध्ये ॲम्प बनवणाऱ्या अमेरिकन बॉब कार्व्हरने आपला ट्रान्झिस्टर ॲम्प ठोकठाक करून एका महागड्या व्हॉल्व्ह ॲम्पसारखा केला, तेव्हा ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या मुरलेल्या समीक्षकांनाही फरक ओळखता आला नाही.

तानपुरा: म्हणजे नक्कल करायलाही मूळ व्हॉल्व्हच लागला! एवढी खटपट करण्यापेक्षा सरळ व्हॉल्व्हच घ्यावा की.

सोल्डरवाला: खटपट कसली? ३ ओहमचा वायरवाउंड (तारेच्या वेटोळ्याचा, जास्त वॉट सोसणारा) रेझिस्टर ट्रान्झिस्टर ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये सिरीजला लावा, व्हॉल्यूम मीटरने सारखा करा, आणि मुलांना बटण बदलायला बसवून डोळे मिटून ऐका. व्हॉल्यूम मात्र कानाने जुळवू नका. जो किंचित मोठा वाजतो तोच ‘भरीव’ वाटतो.

तानपुरा: रविवारी लावून बघतो. पण रात्री दिवे मालवल्यावर तुमचा रेझिस्टर नारिंगी पेटत नाही, हे लक्षात घ्या.

सहा तारा: पाव वॉटचा लावा, पेटेल.