स्विस रविवार: शिस्त की सोवळं?

विंटरथूरकरीण:

मे महिना लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर टूरचे फोटो पडायला लागतात. टिटलिसचा बर्फ, इंटरलाकेनमधला यश चोप्रांचा पुतळा, युंगफ्राउयोखला ३४५४ मीटरवर खाल्लेलं भारतीय जेवण. आणि खाली ठरलेलं वाक्य: "शिस्त शिकावी तर यांच्याकडून." यंदा मामांनी भर घातली, "रविवारी अख्खं गाव चिडीचूप! याला म्हणतात संस्कृती." मामा त्या गावात दोन रात्री होते. मी विंटरथूरला सहा वर्षं राहतेय, म्हणून हा धागा.

आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं आणि तळघरात एक सामाईक धुलाईखोली. भिंतीवर वेळापत्रक. आमचा दिवस दर दुसरा गुरुवार. त्या दिवशी ताप असो, पाहुणे असोत, पंधरा दिवसांचे कपडे संध्याकाळपर्यंत धुऊन, वाळवून, ड्रायरच्या जाळीतली लव काढून, फरशी पुसून किल्ली पुढच्याच्या खुंटीला. एकदा जाळी राहिली. दुसऱ्या दिवशी मशीनवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीला पुराव्यादाखल ती लवच चिकटवलेली! खाली "मैत्रीपूर्ण शुभेच्छा".

रविवारी मशीन नाही, ड्रिल नाही, व्हॅक्युम नाही. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या करून टाकायच्या हे मान्यच, पण रविवारी त्याही नाहीत, कारण खळकन आवाज होतो. दुपारी जेवणाच्या वेळेला पुन्हा वेगळी शांतता. अशाच एका रविवारी सव्वाबाराला मी तूरडाळीचा कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला दारावर टकटक. खालच्या मजल्यावरच्या आजी, चेहरा पांढराफटक: "तुमच्याकडे कसला अलार्म वाजतोय?" मी आत नेऊन कुकर दाखवला. त्या हसल्या, आभार मानले. मंगळवारी टपालपेटीत घरनियमांची प्रत, दुपारच्या वेळेखाली पेन्सिलीने रेघ मारलेली. तेव्हापासून रविवारची डाळ शनिवारी शिजते, रात्री दहाच्या आत.

बरं, आवाज म्हणजे आवाज, सगळ्यांचाच बंद, असं असतं तर मी निमूट बसले असते. आमच्या समोरच्या चर्चची घंटा दर पाव तासाला वाजते, रात्रीसुद्धा. गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजतात. आरगाऊ कॅन्टनमधल्या (कॅन्टन म्हणजे इथलं राज्य) गिप्फ-ओबरफ्रिक गावात लहानपणापासून या देशात वाढलेल्या एका डच बाईने या घंटांविरुद्ध मोहीम काढली, तर गावकऱ्यांनी तिला नागरिकत्वच नाकारलं, तेही दोनदा. शेवटी २०१७ मध्ये कॅन्टनने दिलं.

म्हणून मी याला शिस्त म्हणत नाही, सोवळं म्हणते. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात रेशमी कद चालायचा, धुतलेलं सुती पातळ चालायचं नाही. का? तर आधीपासून तसंच आहे. इथे घंटा सोवळ्यात, कुकर ओवळ्यात.

कर्वेनगरी त्रस्त:

ताई, तुमच्या भावना पोचल्या. आता माझ्या ऐका. आमच्या घरामागे मंगल कार्यालय आहे. सीझनमध्ये रात्री साडेदहापर्यंत खिडकीच्या काचा थरथरतात. आईला ब्याऐंशी चालू आहे. कानात कापसाचे बोळे घालून बसते, तरी म्हणते छातीत धडधडतंय. दहानंतर स्पीकर बंद हा नियम आपल्याकडेही आहे, कागदावर. मी दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी गल्लीतल्याच चार पोरांनी येऊन विचारलं, "काका, तुम्हाला आपल्या परंपरेचा काय प्रॉब्लेम आहे?"

तुमच्याकडे पेन्सिलीची रेघ आली म्हणून तुम्ही धागा काढलात. मला ती रेघ फ्रेम करून लावायला आवडेल. आणि सोवळ्याची उपमा साफ चुकली. सोवळ्यात माणूस जन्माने बाहेर राहायचा. तुमची किल्ली मात्र डॉक्टरलाही त्याच खुंटीला लावावी लागते. सगळ्यांना एकच नियम, मग विटाळ कसला?

बाझलचा बाप:

धागाकर्तीशी असहमत, पण कर्वेनगरी काकांशीही पूर्ण सहमत नाही. तुम्ही दोघंही रविवार कानाने मोजताय.

माझी बायको इथे एका सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसते. दुकानं रविवारी बंद असतात ती कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून नाही, तिला सुट्टी मिळावी म्हणून. कामगार कायदाच रविवारी कामाला लावायला मनाई करतो आणि मग अपवाद सांगतो. २००५ मध्ये मोठी रेल्वे स्टेशनं आणि विमानतळांवरची दुकानं रविवारी उघडी ठेवावीत का यावर देशभर मतदान झालं. 'हो' म्हणणारे किती? ५०.६ टक्के. केसाच्या अंतराने पास. त्यामुळे रविवारी दूध संपलं की सगळे झ्युरिक स्टेशनाखालच्या दुकानांत, आणि तिथे दादरच्या पुलासारखी गर्दी.

लोक आळशी आहेत असंही नाही. २०१२ मध्ये सगळ्यांना सहा आठवडे रजा द्यावी असा प्रस्ताव होता. दोन तृतीयांश लोकांनी नको म्हटलं! आपल्याकडे असं मतदान घेऊन बघा, शंभर टक्क्यांच्या वर जाईल.

आणि शांतता म्हणाल तर बाझलला फासनाख्टला, म्हणजे इथल्या कार्निव्हलला, या. राखेच्या बुधवारानंतरचा (त्या दिवशी ख्रिस्ती उपासकाळ सुरू होतो) सोमवार, पहाटेचे चार. अख्ख्या जुन्या शहराचे दिवे एका क्षणी विझतात, आणि अंधारात शेकडो ढोल आणि पिकोलो बासऱ्या एकदम सुरू. पहिल्या वर्षी माझी पोरगी माझ्या मांडीला घट्ट धरून उभी होती. मग आम्ही भाजलेल्या पिठाचं सूप प्यायलो. चव, खरं सांगायचं तर, करपलेल्या पिठल्याची. तीन दिवस हा धुडगूस. गुरुवारी पहाटे चारला बंद म्हणजे बंद, आणि लोक कामावर.

विंटरथूरकरीण:

बायकोच्या सुट्टीचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षातच आला नव्हता. पण फासनाख्ट सांगून तुम्ही माझीच बाजू मांडलीत की. पहाटे चारला ढोल चालतो, कारण तो *त्यांचा* ढोल आहे. बर्न कॅन्टनमधल्या आरवांगेनला नव्याने राहायला आलेल्यांनी गाईंच्या रात्रीच्या घंटांबद्दल तक्रार केली, तर गावाने सह्या गोळा केल्या आणि २०२३ च्या डिसेंबरात ग्रामसभेने घंटांच्या बाजूने हात वर केले. कर्वेनगरी काका, तुमच्या गल्लीतली चार पोरं आणि ही ग्रामसभा, वाक्य एकच आहे: "आपल्या परंपरेचा काय प्रॉब्लेम?" फक्त इथे ते मिनिट्समध्ये लिहिलं जातं.

कर्वेनगरी त्रस्त:

मिनिट्समध्ये लिहिलं जातं, हाच तर फरक आहे हो! माझ्याकडे चार पोरं येतात, तुमच्याकडे कागद येतो. त्या बाईला कॅन्टनने नागरिकत्व दिलंच ना? मी कुठल्या कॅन्टनकडे जाऊ?

डबेवाला टूरलीडर:

चौदा वर्षं ग्रुप घेऊन जातोय, म्हणून चार शब्द. २०१९ मध्ये ग्श्टाडच्या एका हॉटेलातली सूचनांची पाटी आपल्याकडे फिरली होती, आठवते? "प्रिय भारतीय पाहुण्यांनो, न्याहारीच्या बुफेतलं बरोबर नेऊ नका, कॉरिडॉरमध्ये शांत राहा." फक्त भारतीयांनाच पाटी लावणं चूकच. पण पाटीवरचं वाचून मला घाम फुटला, कारण यातली प्रत्येक गोष्ट मी पाहिलीय. सकाळी साडेसहाला कॉरिडॉरची सगळी दारं उघडी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, "अहो जोशी, तुमच्याकडे गरम पाणी येतंय काऽऽ?" टिश्यूत गुंडाळलेली सहा उकडलेली अंडी मी स्वतः एका पर्समधून बाहेर काढायला लावलीत.

फॉन्ड्यूचं, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायच्या पदार्थाचं, तर विचारूच नका. भांडं आलं की वाईनच्या वासाने निम्मं टेबल मागे सरकतं. मी आता आधीच सांगतो: ग्रुयेर आणि वाशरँ ही दोन चीज निम्मी निम्मी, पाव तळापर्यंत फिरवा, वर पाणी पिऊ नका, चहा घ्या. तळाला धरलेली खरपूस खरवड शेवटी खरवडून वाटून खातात. ती खरवड दिली की मात्र सगळ्या काकू गप्प होतात. ती कळते आपल्याला.

अवांतर: हे "राष्ट्रीय" फॉन्ड्यू देशभर पोचवलं ते १९३० च्या दशकात तिथल्या चीज युनियनने, चीज खपावं म्हणून. तेव्हा परंपरा परंपरा म्हणून फार भारावूनही जाऊ नका.

नातवाची आजी:

मी तीन महिने मुलीकडे होते, झ्युरिकजवळ. मला भाषा येत नाही, त्यामुळे मी बघत बसायचे. चार-पाच वर्षांची पोरं एकटी बालवाडीत जातात, गळ्यात नारिंगी चमकता त्रिकोण अडकवलेला. पहिल्या दिवशी मी नातवाच्या मागे लपत लपत गेले. झेब्रा क्रॉसिंगला तो थांबला, गाडी पूर्ण थांबेपर्यंत हलला नाही, आणि ड्रायव्हरही चाक ठप्प झाल्याशिवाय हात दाखवत नव्हता. ही शिस्त की सोवळं ते तुम्ही ठरवा. मला रडू आलं होतं.

शेताच्या कडेला फुलं स्वतः कापून घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे. कुणी बघायला नाही. मी दोन ग्लॅडिओलसचे पैसे तीनदा मोजले.

पण रविवार खायला उठायचा हो. सकाळी वेणी घातलेला तो लोण्याचा पाव, झोप्फ, आणायचा, मग डोंगरात चालायला. पायवाटेवर अनोळखी माणूससुद्धा "ग्रुएत्सी", म्हणजे नमस्कार, म्हणतो. तोच माणूस लिफ्टमध्ये भेटला तर "ग्रुएत्सी"च्या पुढे एक शब्द नाही. तीन महिन्यांत शेजारच्या दाराआड कोण राहतं ते मला कळलं नाही.

आणि विंटरथूरकरीण बाई, सोवळ्याचं तुम्ही म्हणालात म्हणून. अपेनझेलला एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चौकात उभं राहून हात वर करून मतदान होतं, ते मला जावयांनी नेऊन दाखवलं. काही पुरुषांच्या कमरेला तलवार होती, तीच त्यांची मताची ओळख. मी विचारलं, बायका कधीपासून? देशात १९७१, पण इथे १९९० पर्यंत नाही. त्या वर्षीही चौकातल्या पुरुषांनी पुन्हा नकोच म्हटलं, मग सर्वोच्च न्यायालयाने द्यायला लावलं. तिथे मात्र मला आमच्या सासूबाईंचं स्वयंपाकघर आठवलं.

बाझलचा बाप:

आजी, दंडवत. अपेनझेलच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. गल्ल्याच्या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे.

डबेवाला टूरलीडर:

विंटरथूरकरीण ताई, बिनशिट्टीचा इलेक्ट्रिक कुकर मिळतो. माझ्या दोन ग्रुपमेंबरनी सुटकेसमधून नेलाय. वाद मिटेल.

विंटरथूरकरीण:

मिळतो, माहीत आहे. नाही घेणार. रविवारी त्यांचं, बाकी सहा दिवस माझं. उद्या सोमवार आहे, राजमा आहे, पाच शिट्ट्या होणार.

कर्वेनगरी त्रस्त:

द्या बिनधास्त. इकडे आत्ता खालून वरात चाललीय, तिसऱ्यांदा तेच गाणं. पाच काय, तुमच्या पन्नास शिट्ट्या मला ऐकू यायच्या नाहीत.