रग्बी लीग: रकभोवतीचा ऑफसाइड कधी देतात, कधी सोडतात, असं का?

चेंडूमागे
एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीग स्पर्धेचे सामने नियमित बघतो. नियम माहीत आहे: चेंडू जिथे प्ले होतो (टॅकल झालेला खेळाडू उठून तो पायाने मागे सरकवतो; हीच जागा म्हणजे रक) तिथून बचाव करणाऱ्या संघाने दहा मीटर मागे जायचं, समोर फक्त मार्कर, म्हणजे रकपुढे उभे राहणारे बचावपटू, राहणार, आणि चेंडू रकमधून सुटेपर्यंत कुणी पुढे सरकायचं नाही. तरी एकाच सामन्यात एकाला शिट्टी आणि तसंच करणाऱ्या दुसऱ्याला सूट मिळते. दहा मीटर नक्की कोण मोजतं? बचावपटू उघड पुढे दिसत असूनही रेफरी गप्प का राहतो? आणि त्याच चुकीला कधी पेनल्टी, कधी सिक्स अगेन (खेळ न थांबवता सहा टॅकलची मोजणी नव्याने सुरू), हे कशावर ठरतं? उत्तरं लीगबद्दलच हवीत. रग्बी युनियन या दुसऱ्या प्रकारात रकच्या शेवटच्या पायावरून रेषा ठरते, तो हिशोब इथे लागू नाही.

दहावा_मीटर
दहा मीटर मोजतो रेफरी, तोही स्वतःच्या पायांनी. टॅकल पूर्ण होत असतानाच तो मागे सरकतो आणि जिथे उभा राहतो तीच त्या टॅकलपुरती रेषा. त्यामुळे कधी नऊ मीटर मिळतात, कधी अकरा. हा फरक दोन्ही संघांना सारखाच मिळत असेल तर खेळाचं फारसं बिघडत नाही. एका संघाला नऊ आणि दुसऱ्याला अकरा मिळाले, तर सामना वाकतो.

हे घरी तपासता येतं. मैदानावर दर दहा मीटरला आडवी रेषा असते. रक रेषेवर किंवा तिच्या अगदी जवळ असेल असा टॅकल निवडा. चेंडूवाल्या संघाच्या स्वतःच्या तीस मीटरच्या रेषेवर चेंडू प्ले झाला, तर बचावफळी चाळीसच्या रेषेवर हवी. चित्र थांबवायचं ते टॅकल झालेल्या खेळाडूचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी. बहुतेक जण डमी हाफचा (रकमागून चेंडू उचलणाऱ्याचा) पास हातातून सुटताना थांबवतात, पण तोवर फळी नियमात राहूनच दोन-तीन मीटर पुढे आलेली असते. दुसरं म्हणजे कॅमेरा मैदानाच्या मध्याजवळ असतो, त्यामुळे कोपऱ्यातलं दृश्य तिरपं दिसतं. कडेच्या बचावपटूची तुलना पडद्यावरच्या रेफरीशी करू नका, त्याच्या पायाजवळच्या आखलेल्या रेषेशी करा.

शिवाय मूळ जागाच हलते. टॅकल झालेला खेळाडू उठताना एखादं-दोन पावलं पुढे येऊन चेंडू ठेवतो. रेफरीने मागे जाताना आधीची जागा धरलेली असते, म्हणजे फळीने काही न करता तिचे दहाचे नऊ झाले. इथे दोष चेंडूवाल्या संघाचा असतो. रेफरीने त्याला मूळ जागी परत पाठवायला हवं, पण खेळाचा वेग तुटेल म्हणून फार कमी वेळा पाठवतात.

शिट्टीचा_अर्थ
वरच्या प्रतिसादाला जोडून. रेफरीची नजर एकच आहे आणि कामं पाच. टॅकल करणाऱ्यांनी सोडलं का, कुणाचा हात चेंडूवर आहे का, मार्कर सरळ आहेत का, चेंडू पायाने नीट मागे सरकवला का, आणि डावी-उजवी फळी कुठे आहे. हे सगळं तीन-चार सेकंदांत. एनआरएलमध्ये 2009 पासून दोन रेफरी होते, त्यांतला एक रकपाशी राहायचा. मे 2020 मध्ये पुन्हा एकच रेफरी झाला. दहा मीटरवर उभं राहून रककडे बघायचं म्हटलं की दोन्ही कडा त्याच्या नजरेच्या टोकाला जातात. मान वळवली तर रक सुटतो.

म्हणून चुका कुठे होतील ते आधीच सांगता येतं. तिघांनी मिळून केलेल्या, रेंगाळलेल्या टॅकलनंतर रेफरीचं लक्ष रकमध्ये अडकलेलं असतं, तेव्हा कडेचा सेंटर अर्धं पाऊल चोरतो. टच जज, म्हणजे बाजूच्या रेषेवरचा पंच, हे रेफरीच्या कानात सांगू शकतो आणि त्याने ते आतापेक्षा जास्त वेळा सांगायला हवं.

गप्प राहण्याचं रास्त कारणही असतं. मागे पोचू न शकलेला खेळाडू जागीच थांबला आणि खेळात आडवा आला नाही, तर तो नुसता पुढे आहे म्हणून शिट्टी वाजत नाही. बघायचं ते एवढंच: त्याने टॅकल केला का, किंवा त्याच्यामुळे पासची दिशा बदलावी लागली का.

चेंडूमागे
हे पटलं. पण सिक्स अगेनचं काय? एकदा हात फिरवून खेळ चालू ठेवतात, एकदा थांबवून पेनल्टी देतात.

सहावा_टॅकल
रकमधल्या चुकांसाठी सेट रीस्टार्ट, म्हणजेच सिक्स अगेन, मे 2020 मध्ये आला (सेट म्हणजे एका संघाला मिळणारे सहा टॅकल), आणि 2021 मध्ये दहा मीटरच्या ऑफसाइडलाही लागू झाला. त्यातून पळवाट निघाली. पहिल्या टॅकलला मुद्दाम पकडून ठेवलं, तर समोरच्याला फक्त एक टॅकल जास्त मिळतो आणि आपल्या फळीला श्वास घ्यायला वेळ. पाचव्याला तीच चूक केली तर जवळजवळ अख्खा सेट द्यावा लागतो. म्हणून बचाव करणारे संघ चुका सेटच्या सुरुवातीला करायला लागले, तेही समोरचा संघ स्वतःच्या गोललाइनजवळ असताना. त्यावर 2022 मध्ये उपाय केला: चेंडूवाला संघ स्वतःच्या चाळीस मीटरच्या आत असेल तर पेनल्टी, त्यापुढे रीस्टार्ट. पेनल्टीत चेंडू टचमध्ये, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर, मारून बरंच अंतर मिळतं, म्हणून ती शिक्षा खरोखर लागते. या हद्दी मोसमागणिक बदलतात, त्यामुळे जुना सामना बघताना त्या वर्षाचा नियम लावा.

माझं मत स्पष्ट आहे: रीस्टार्टमुळे खेळ वेगवान झाला, पण निर्णय अपारदर्शक झाला. पेनल्टीला रेफरी थांबतो, खेळाडूला बोलावतो, कारण सांगतो. रीस्टार्टला चूक कुणाची आणि कोणती हे प्रेक्षकाला अनेकदा कळतच नाही. मग विसंगती असली तरी ती सिद्ध कशी करणार? वारंवार चूक करणाऱ्याला सिन बिनमध्ये दहा मिनिटं बसवायचा अधिकार आहे. तो लवकर वापरला की पुढचा अर्धा तास रक स्वच्छ राहतो.

मार्कर_दुसरा
मार्करकडे कुणी बघत नाही, आणि निम्मा घोळ तिथेच असतो. पहिला मार्कर चेंडू खेळणाऱ्याच्या बरोबर समोर, दुसरा पहिल्या मार्करच्या बरोबर मागे. दोघांचे खांदे बघा. दुसऱ्याचं अख्खं धड बाजूला दिसत असेल तर तो सरळ नाही, आणि त्याने डमी हाफला पकडलं तर चूक धरायला हवी. हुशार डमी हाफ मुद्दाम त्याच बाजूने पळतो, किंवा अजून उठत असलेल्या बचावपटूवर जाऊन आदळतो. असे निर्णय एका सामन्यात सगळे मिळतात, दुसऱ्यात एकही मिळत नाही.

दहावा_मीटर
एक राहिलं. रक गोललाइनपासून दहा मीटरच्या आत असेल तर फळी गोललाइनवर उभी राहते. तिथे अंदाज करायचा नसतो, रेषा आखलेली असते, म्हणून फळी कुठे उभी आहे यावर वाद कमी होतात. वाद होतो तो फळी कधी सुटली यावर. पंधरा-वीस मीटरवरच्या रकला मात्र रेफरी मागे येताना गोललाइन जवळ दिसते आणि अंतर आखडतं. तुम्हाला तुलना करायचीच असेल, तर दोन्ही संघांचे त्या पट्ट्यातले टॅकल वेगळे काढून बघा.