जिम डेव्हलिनला आजन्म बंदी: जरा अतीच झालं का?

बाकावरचा
बेसबॉलची नॅशनल लीग १८७६ साली सुरू झाली. त्यातल्या लुईव्हिल ग्रेज संघाचा पिचर जिम डेव्हलिन. पिचर म्हणजे आपला गोलंदाजच म्हणा. त्या पहिल्या हंगामात पठ्ठ्याने ६२२ इनिंग टाकल्या (बेसबॉलच्या एका सामन्यात साधारण नऊ इनिंग), आणि १८७७ मध्ये तर संघाची एकूण एक इनिंग त्याच्याच हातून. राखीव माणूस नाहीच! मग सामने विकल्याचं कबूल केलं आणि आजन्म बाहेर. या लीगमध्ये जेमतेम दोन हंगाम. बैलासारखं राबवून घ्यायचं आणि एका चुकीत कायमचं हाकलायचं, हे मला पटत नाही.

खडूस_पंच
एक चूक? ऑगस्टमध्ये संघ पहिल्या नंबरवर होता. मग अचानक हरायला लागला आणि विजेतेपद बॉस्टनने नेलं. तारेत ‘सॅश’ हा शब्द आला की सामना मुद्दाम हरायचा, असा संकेत ठरलेला. सांकेतिक शब्द ठरवून केलेल्या कामाला चूक म्हणत नाहीत हो. शिवाय सगळ्या इनिंग एकच माणूस टाकत असेल, तर तो विकला गेला म्हणजे सामनाच विकला गेला.

निवांत
डेव्हलिनचं सोडा, त्याच संघातल्या बिल क्रेव्हरचं बोला. त्याने पैसे घेतल्याचा पुरावा नव्हता. फक्त आपल्या तारा तपासू द्यायला नाही म्हणाला. शिक्षा तीच, आजन्म!

खडूस_पंच
क्रेव्हरबाबत मान्य. डेव्हलिनबाबत नाही.

बाकावरचा
त्या काळचा खेळाडू अल्बर्ट स्पाल्डिंग, त्याने लिहून ठेवलंय, डेव्हलिन लीगचे अध्यक्ष हल्बर्ट यांच्या कचेरीत गयावया करत आला, अंगावर धड कपडे नाहीत. हल्बर्टनी ५० डॉलरची नोट त्याच्या हातात कोंबली आणि वर सांगितलं, जिवंत असेपर्यंत परत घेणार नाही. दया खिशातून येते, नियमातून का येत नाही?

खडूस_पंच
कारण खिसा हल्बर्टचा होता, लीग सगळ्यांची. दुसऱ्याच वर्षी परत घेतला असता, तर तिकीट काढून सामना बघायला कोण आलं असतं?

निवांत
पुढे तो फिलाडेल्फियात पोलीस झाला म्हणे. सामने विकणारा पोलिसात चालतो, मैदानावर नाही :)

बाकावरचा
हसण्यासारखं नाही, राव. १८८३ मध्ये क्षयाने गेला, वय ३४. शेवटपर्यंत अर्ज करत होता. आणि लुईव्हिल? १८७८ च्या हंगामात तो संघच लीगमध्ये उरला नव्हता.