अनुभव धागा : पावसात, नदीकाठी, दोस्तांसोबत

शुक्रवारकर
सकाळी बातमी वाचली, कोल्हापुरात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली. लगेच कॉलेजची टोळी आठवली. आषाढातला रविवार, धो धो पाऊस, आणि एकाला लहर आली, चालत प्रयाग चिखलीला जाऊ, संगम बघू. पंचगंगा घाटावर जमलो तेव्हा खालची देवळं पाण्यात, नुसती शिखरं वर. शिवाजी पुलावर छत्र्या उलट्या झाल्या त्या झाल्याच. एक पठ्ठ्या नवी कोरी कोल्हापुरी घालून आलेला, करकर वाजवत. आंबेवाडीपर्यंत चामडं भिजून फुगलं, मग चपला काखेत आणि गडी अनवाणी. चिखलीत पोचलो तर कसला संगम, सगळीकडं एकच गढूळ पाणी. कासारी कुठली आणि भोगावती कुठली यावरून दोघं भर पावसात भांडायला लागले. पोत्याची खोळ घेतलेले एक आजोबा म्हणाले, "पाणी चढाय लागलंय पोरांनो, निघा. रस्ता बंद झाला तर तुमास्नी जेवाय आम्हालाच घालाय लागंल."
तुमचेही किस्से येऊ द्या.

उलटी_छत्री
चपलेचं पुढं काय झालं ते सांग आधी 😂

शुक्रवारकर
वाळली ती होडीगत वाकून. थोरल्या भावाच्या लग्नासाठी घेतलेली. त्याच्याच.

बावड्याची_लेक
आमच्या घरात पाऊस लागला की एकच प्रश्न, "फूट किती?" बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे पाढ्यांच्या आधी पाठ. आम्ही मैत्रिणी क्लास बुडवून बंधाऱ्याकडं पाणी बघायला जायचो. एकदा तिथंच वडील भेटले, तेपण ऑफिस सोडून आलेले. दोघंही घरी काही बोललो नाही. (कुकर झालाय, बाकीचं नंतर)

सध्या_पुण्यात
बंधारा पाण्याखाली म्हणजे फुटला का??

बावड्याची_लेक
नाही हो ताई. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा तो, पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढून ठेवतात. पूर आला की पाणी वरून जातं.

कृष्णाकाठ
आमच्या सांगलीत आयर्विन पुलावर

उलटी_छत्री
आले सांगलीकर. धागा कोल्हापूरचा आहे भावा

कृष्णाकाठ
तुमचं पाणी शेवटी आमच्याच कृष्णेत येतंय, नरसोबाच्या वाडीला. मग आमचा हक्क नाही व्हय?

चिखलीची_सून
वाचून हसले. पण मला आता पाण्याकडं फिरायला जायचं म्हटलं तरी नको वाटतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आम्ही बोटीतून बाहेर निघालो. सासऱ्यांनी म्हशींची दावी कापली आणि म्हणाले, जगतील त्या जगतील. एक म्हैस आठवड्यानं परत आली, आपल्या पायानं, दारात उभी. दुसरी नाही आली. पुलावर पूर बघायला आलेल्या गर्दीचा तेव्हा फार राग आला होता. आता जुलै लागला की रेशनकार्ड, सातबारा, सगळं माळ्यावर.

शुक्रवारकर
वहिनी, काय बोलू. आलेली म्हैस आहे का अजून?

चिखलीची_सून
आहे की! सकाळ-संध्याकाळ दूध देते आणि लाथपण मारते.

गंगावेशचा
आमच्या गल्लीत त्या साली पेट्रोलला रांगा, दूध नाही, भाजी नाही, शिरोलीला हायवेच बंद. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी अख्ख्या बिल्डिंगला पिठलं-भात घातला. आधी त्याच काकू पार्किंगवरून भांडायच्या. पूर ओसरल्यावर परत सुरू 😄

सध्या_पुण्यात
राधानगरीचे दरवाजे उघडले का हो? आई फोन उचलत नाहीये.

गंगावेशचा
ते स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत. अजून तरी नाही उघडले. आई कुठल्या भागात?

सध्या_पुण्यात
राजारामपुरी

गंगावेशचा
मग काय काळजी, उंचावर आहे. झोपल्या असतील दुपारच्या.

उलटी_छत्री
ते सगळं राहू दे, कपडे कसे वाळवताय सगळे? आमच्यात पंख्याखाली दोरी बांधलीय आणि आता लाईट गेली.

सध्या_पुण्यात
उचलला फोन. भजी तळत होती.